रुखवताची कुळकथा

स्मरणिकेसाठी लेख मागताना आमच्या चिटणीसबाईंनी विषयही ठरवून दिला. "लग्नातल्या हातच्या वस्तूंविषयी लिहा, तुमच्या पेटीत अजून मण्यांचे तोरण आहे म्हणतात," असे त्या म्हणाल्या. तोरण आहे हे खरे. पण एका तोरणाविषयी लिहून लिहून किती लिहिणार? शिवाय गेल्या वर्षी आपल्या मंडळाच्या बैठकीत रुखवतावरून जो वाद झाला, तो बहुतेकींना आठवत असेल. रुखवत मांडण्याची पद्धतच मोडावी, तो मुलीच्या बापाच्या गळ्याला फास आहे, असे तरुण भगिनींचे म्हणणे होते. रुखवत गेले तर लग्नघरात बायकांच्या हाताला काम तरी काय उरले, असे थोरल्यांचे. दोन्ही पक्ष तावातावाने बोलले. पण दोघींच्या मनातले रुखवत निरनिराळे आहे, असे मला त्याच वेळी वाटले होते. या एका शब्दाखाली आजवर तीनचार वेगळ्या गोष्टी येऊन बसल्या आहेत. त्या कशा आल्या, ते मला जेवढे ठाऊक आहे तेवढे येथे सांगते.

मूळ रुखवत म्हणजे खाणे. मोल्सवर्थसाहेबांचा मराठी कोश १८३१ साली निघाला आणि त्याची वाढवलेली आवृत्ती १८५७ साली. त्यात रुखवताचा अर्थ पाहिला तर वधूकडच्या मंडळींनी लग्नाआधी नवरदेवासाठी नेलेला फराळ, एवढाच आहे. भरतकामाचा रुमाल नाही, भांडीकुंडी नाहीत, काही नाही. आणि हे सरळच आहे. वऱ्हाड बैलगाडीने यायचे, सीमेवर त्याची पूजा व्हायची, मग ते जानवशाला उतरायचे. आमच्या मुळशी-मावळाकडे जानवसघर नसले तर नवरदेव मारुतीच्या देवळात बसायचा. मुहूर्त गोरज असला तर दिवसभर त्या पोराच्या पोटात काय? म्हणून वधूकडच्या सवाष्णी दुरड्या डोक्यावर घेऊन वाजतगाजत जायच्या. त्यांत लाडू, करंज्या, साटोऱ्या, चकल्या, कडबोळी असायची. दुरडी उघडताना एकेका जिनसाचे नाव घेऊन, विहिणीला आणि करवलीला चिमटे काढीत गाणी म्हटली जायची. नवरा चार घास खायचा आणि मग मांडवाकडे निघायचा. रुखवत ही त्याची शिदोरी होती.

या शिदोरीचा इतिहास लिहू गेले तर एक अडचण येते. इतिहास राहतो तो खर्चाच्या वह्यांत. सवाई माधवरावांचे लग्न १७८३ साली पुण्यात झाले, त्याची व्यवस्था नाना फडणविसांनी पाहिली, आणि त्या थाटाविषयी आजही लिहिले-बोलले जाते, कारण तेथे कारकून होते. जुन्या जमाखर्चाच्या कागदांवरून ना. गो. चापेकरांनी 'पेशवाईच्या सावलीत' हे पुस्तक १९३७ साली सिद्ध केले. ते वाचताना माझ्या मनात येई की, बाजारातून आणलेल्या तांदळाची नोंद होते, गुळाची होते, पण त्याच घरात पाच बायकांनी महिनाभर वळलेल्या गव्हल्यांची नोंद कोण करणार? त्यांना पैसा पडलेला नसतो. जे फुकट झाले ते वहीत चढले नाही, आणि वहीत चढले नाही ते जणू झालेच नाही.

म्हणून त्या गव्हल्यांविषयी मी जरा सविस्तर लिहिते. पुढच्या पिढीतल्या वाचणारीला निदान नावे तरी मिळतील. रव्याचे पीठ दुधात किंवा पाण्यात घट्ट भिजवून, तास दोन तास झाकून, कुटून मऊ करायचे. मग चिमटीत जेमतेम येईल इतका कण घेऊन बोटांवर वळायचा. गव्हाच्या दाण्यासारखा झाला तो गव्हला. नखाने दाबून वाकवली ती नखुली. बोटावर गुंडाळून काढले ते बोटवे. कळीसारख्या नाजूक त्या मालत्या, आणि पीळ देऊन शंखाच्या आकाराच्या केल्या त्या शंखोळ्या. या सगळ्याला मिळून वळवट म्हणतात. त्याची खीर होते. सावलीत वाळवून डब्यात भरले की पुष्कळ दिवस टिकते. माझ्या आजीच्या हाताखाली शेरभर गव्हले वळायला आम्हा दोघी बहिणींना आठदहा दुपारी लागत. एक दाणा लहान, एक मोठा झाला की आजी परातीतून निवडून बाजूला काढी. ओरडत नसे, नुसती बाजूला काढी. रुखवतात या पाच प्रकारांच्या पाच वाट्या मांडल्या म्हणजे मुलीच्या घरी धीर आणि नजर दोन्ही आहे, हे विहिणीला न सांगता कळे. किंमत म्हणाल तर त्या वेळी चार आण्यांचा रवा.

आता शिदोरीचा देखावा कसा झाला, याविषयी माझा एक तर्क आहे. दुरडी रस्त्याने न्यायची तर ती झाकलीच पाहिजे. उघडे अन्न कोणी मिरवीत नाही. झाकायचे तर धडका रुमाल हवा. आणि चारचौघांत न्यायचा रुमाल साधा कसा चालेल? त्याला कडेने झालर आली, मध्ये कोयरी आली, मोर आला. ताटावरच्या या रुमालाच्या वाटेनेच हातकाम रुखवतात शिरले असावे. आरंभी लाडूंसाठी रुमाल होता, पुढे रुमालासाठी लाडू झाले!

या बदलाला दुसरीकडूनही जोर मिळाला. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली, मिशनरी बायकांच्या शाळा होत्याच, आणि मुलींच्या शिक्षणाबरोबर शिवण-टिपण, विणकाम हेही शिकवण्याचे विषय झाले. क्रोशाची सुई आणि लोकरीच्या सुया आपल्याकडे याच वाटेने आल्या. रमाबाई रानडे यांच्या पुण्याच्या सेवासदनात, म्हणजे १९०९ नंतर, शिवणकाम-हस्तकलेच्या वर्गांना प्रौढ बायका, विधवा बायका येऊ लागल्या. तेथे शिकलेली बाई आपल्या आळीतल्या दहा मुलींना टाके शिकवी. साखळी टाका, काश्मिरी टाका, फुलीचा टाका, कर्नाटकी कशिदा. परदेशी डीएमसीच्या रेशमासारख्या चमकणाऱ्या लच्छ्या आल्या, रंगीत काचेचे मणी आणि नळ्या आल्या. पुण्याच्या रविवार पेठेत, बोहरी आळीत, तुळशीबागेत हा माल मिळे. सूप आणि दुरड्या बुरूड आळीतून. मण्यांचे तोरण, दोसुतीवर भरलेले 'सुस्वागतम्', कागदाची फुले, कोरलेल्या खोबऱ्याच्या वाट्या, सुपारीचे गणपती, रंगीत कापसाची गेजवस्त्रे, पोत लावलेला नारळ, हे सारे पन्नास-साठ वर्षांच्या अवधीत रुखवतात जमा झाले. घरातल्याच कोणा काकांनी मंगलाष्टके रचून गुलाबी कागदावर छापून घ्यावी, हाही त्याच काळाचा हौसेचा प्रकार.

मंगलाष्टकांवरून आठवले. लग्न साधे करण्याची चळवळही आपल्या पुण्याचीच. सत्यशोधक पद्धतीचे पहिले लग्न २५ डिसेंबर १८७३ रोजी झाले. सावित्रीबाईंनी त्यात पुढाकार घेतला आणि पानसुपारीच्या खर्चात ते उरकले. फुल्यांनी पुढे १८८७ साली मराठीतून मंगलाष्टके आणि पूजाविधी छापून दिले. वधूवरांना समजेल अशा भाषेत त्यांनीच एकमेकांना वचन द्यावे, ही त्यातली दृष्टी. लग्नातला थाट वजा केला म्हणजे लग्न कोरडे होते असे ज्यांना वाटते त्यांनी हे ध्यानात घ्यावे. तेथे थाट नव्हता, पण त्या दोघांसाठी म्हणून मुद्दाम केलेली गोष्ट होती.

अशी मुद्दाम केलेली गोष्ट मोठ्यांच्या घरीही मोलाची ठरते. २६ मार्च १९४२ रोजी अलाहाबादेस इंदिराबाईंचे लग्न झाले, तेव्हा त्यांच्या अंगावर वडिलांनी तुरुंगात कातलेल्या सुताची गुलाबी खादीची साडी होती. पाच वर्षांनी, नोव्हेंबर १९४७ मध्ये, इंग्लंडच्या राजकन्या एलिझाबेथ यांच्या लग्नासाठी गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताचा, मध्ये 'जय हिंद' अशी अक्षरे विणलेला रुमाल पाठविला. त्या लग्नाच्या २,५०० हून अधिक भेटी लंडनच्या सेंट जेम्स राजवाड्यात लोकांना पाहण्यासाठी मांडल्या होत्या. मी हे वाचले तेव्हा मला हसूच आले. राजघराण्याचे का असेना, ते रुखवतच की! आणि हिऱ्यामाणकांच्या शेजारी एका म्हाताऱ्याच्या टकळीचे सूत.

आमच्या हिंजवडीत मात्र ही शहरी कलाकुसर उशिरा पोहोचली. मी १९७४ साली लग्न होऊन या गावात आले. तेव्हा हे शेतकऱ्यांचे गाव होते. म्हातोबाचा उत्सव, वाकडकरांच्या जोडीने निघणारे बगाड, पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात लग्ने. ज्या बाईचा दिवस खुरपणीत आणि सरपणात जातो तिला काश्मिरी टाका घालायला सवड कोठली? येथल्या रुखवतात शेवया, कुरडया, पापड, सांडगे, बुंदीचे लाडू, आणि गेरूने रंगवून वर चुन्याची ठिपक्यांची नक्षी काढलेली एक सूप-सुपली. माझे मण्यांचे तोरण पाहायला बायका आल्या होत्या, हे मी सांगते ते मोठेपणासाठी नव्हे. त्यांच्यातली एक मला म्हणाली, "हे झाले दाराचे. जात्यावर काय म्हणतेस ते सांग." मला काही येत नव्हते.

येथल्या बायकांची सजावट जात्यावर होती. हळद दळायची, मुसळाला आंब्याची पाने बांधून घाणा भरायचा, मांडवडहाळे आले की त्यांना ओवाळायचे, आणि प्रत्येक कामाला ओव्या. त्या ओव्यांत नवरीच्या भावाचे, मामाचे, गावाचे नाव घातले जाई, म्हणजे प्रत्येक लग्नाची ओवी वेगळी. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या दोघा अभ्यासकांनी आपल्या मुळशी तालुक्यापासून सुरुवात करून महाराष्ट्रभरच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या १,००,००० च्या पुढे गेली. पुष्कळ ओव्यांखाली गाणारीचे नाव आणि गाव लिहिलेले आहे. रुखवताच्या वस्तूंचे भाग्य एवढे थोर नाही. रुमाल कोणी भरला ते रुमालावर नसते.

याच संबंधात वारल्यांची गोष्ट सांगण्याजोगी आहे. ठाणे-पालघरकडे वारली समाजात लग्नाच्या वेळी घराच्या आतल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. त्यात पालघाट देवी बसवतात. तो लिहिण्याचा मान सवाष्णींचा, आणि लग्न लावणारी धवलेरीही बाईच. चौक लिहिल्याखेरीज लग्न नाही. १९७० नंतर ही चित्रे कागदावर आली, जगभर गेली, आणि जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. त्यांची कला थोर होती, यात शंका नाही. पण भिंतीवर पिढ्यान्पिढ्या हात चालवून गेलेल्या बायकांपैकी एकीचेही नाव आपल्याला सांगता येत नाही, हेही तितकेच खरे. भिंत सारवली की चौक गेला.

आता रुखवताच्या तिसऱ्या अवताराकडे येते. तो लांबविण्यासारखा नाही. खाण्याचे आणि हातकामाचे रुखवत होते त्यात पितळेची भांडी आली, मग स्टीलची, मग कपाट, मग शीतकपाट. १९९० नंतरच्या दशकात औद्योगिक महामंडळाने येथे संगणक कंपन्यांसाठी जमिनी घेतल्या. गावात पैसा आला, रस्त्याच्या दोहोबाजूंना मंगल कार्यालये आणि लॉन्स उभे राहिले, आणि रुखवताच्या टेबलाशेजारी मोटारीची मोठी चावी झळकू लागली. माझ्या माहितीतल्या एका घराने मुलीच्या रुखवतापायी उरलेली गुंठेवारीही विकली. नाव सांगत नाही. पाहुण्यांनी मात्र त्या दिवशी वाहवा केली.

हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ चा. १९८४ साली त्यात जी दुरुस्ती झाली, तिच्यात मागणी न करता, रूढीप्रमाणे, ऐपतीच्या बाहेर न जाता दिलेल्या भेटी हुंड्यातून वगळल्या. पण अशा भेटींची यादी करून ती ठेवावी असे १९८५ च्या नियमांनी सांगितले. किती लग्नांत अशी यादी होते, ते आपण सर्वजणी जाणतो. 'आम्ही काही मागितले नाही, त्यांनी हौसेने रुखवतात मांडले,' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की, रुखवत मोडा म्हणणाऱ्या आमच्या तरुण भगिनींचा राग मला पुरता पटतो.

तरी थोरल्यांच्या बाजूलाही थोडे बोलले पाहिजे, आणि त्यांच्याविरुद्धही. जुने रुखवत निर्मळ होते, असे आता सांगण्यात येते. ते तसे नव्हते. माझ्या धाकट्या मावशीच्या लग्नात वरपक्षाच्या दोन बायकांनी दुरडीवरचा रुमाल उचलून लाडू मोजले होते. पाच शेकडा सांगितले होते, ते थोडे कमी भरले. मावशी बोहल्यावर उभी असताना तिच्या आईला हे ऐकवले गेले. तो रुमाल मावशीने दोन महिने कंदिलाच्या उजेडात भरला होता; त्याच्याकडे कोणी पाहिलेसुद्धा नाही. तेव्हा हातकाम झाले म्हणून ओझे नाही असे नव्हे. ओझे फक्त बापाच्या खांद्यावरून पोरीच्या डोळ्यांवर येई. वधूपक्षानेच मांडावे आणि वरपक्षाने तपासावे, ही जी एका बाजूने झुकलेली तागडी आहे ती रव्याच्या गव्हल्यांतही होती आणि मोटारीच्या चावीतही आहे.

मग राहिले काय? माझ्या मते, करण्याचे सुख राहिले, आणि ते थोडेथोडके नाही. लग्नाआधीच्या त्या दुपारी घरातल्या, शेजारच्या बायका गोल बसत. हात चालत आणि तोंडही. नवरीला सासरविषयी जे विचारायचे धाडस होत नसे, ते त्या घोळक्यात कोणीतरी आपण होऊन सांगे. परातीकडे पाहत बोलले की अवघड गोष्टीही बोलता येतात. विकत आणलेल्या रुखवतात वस्तू येते, ती दुपार येत नाही. आणि आता तर भाड्याचेही रुखवत मिळते, संध्याकाळी परत.

आमच्या मंडळातल्या काही भगिनी रुखवत करून विकतात. त्यांच्यावर मी टीका करते आहे असे कोणी समजू नये. ज्या कामाला कधी वहीत जागा नव्हती त्याचे पैसे बाईच्या हातात पडतात, ही मला चांगलीच गोष्ट वाटते. त्यांचे कामही सुधारले आहे. मध्यंतरी थर्माकोलचे बंगले, थर्माकोलची तुळशीवृंदावने यांचा सुळसुळाट झाला होता. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने शासनाने सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आणली, तेव्हा या भगिनी प्रथम हवालदिल झाल्या. गोदामात माल पडून होता. मग बांबूच्या कामट्या, पुठ्ठा, करवंट्या, कापड यांकडे वळल्या. पुठ्ठ्याला खळ लावून वर जुन्या साडीचा काठ चिकटवलेली त्यांची सप्तपदीची सात तबके मी पाहिली आहेत. थर्माकोलच्या हंसांपेक्षा शतपटीने बरी.

आपल्या गावात आता देशभरची माणसे नोकरीसाठी येऊन राहिली आहेत, त्यामुळे लग्नेही निरनिराळ्या मुलखांशी जुळतात. गेल्या वैशाखात आमच्या गल्लीतल्या मुलीचे लग्न एका बंगाली मुलाशी झाले. रुखवत ठेवायचेच नाही असे मुलीने बजावले होते. मुलाची आई दोन दिवस आधी आली ती सजवलेली तबके घेऊनच. त्यांच्याकडे याला तत्त्व म्हणतात, आणि ते मुलाकडून मुलीकडे आणि मुलीकडून मुलाकडे असे दोन्ही बाजूंनी जाते. साडीच्या घड्या घालून केलेली फुलपाखरे, संदेशाची कमळे, आणि एका तबकात लाल कापड नेसवून नथ घातलेला अख्खा रोहू मासा! हळदीच्या घरात मासा ठेवायचा कोठे, यावर आमच्या सासवांची अर्धा तास मसलत झाली. शेवटी तो शेजारणीच्या शीतकपाटात गेला. नथ काढून ठेवली.

मुलगी मग आईला म्हणाली, "त्यांनी आणलेच आहे तर आपलेही काही मांडू, पण विकतचे नको." हातात दुपार एकच होती. गव्हले होण्यासारखे नव्हते, म्हणून आम्ही फक्त नखुल्या वळल्या, वाटीभर. विहीणबाई येऊन बसल्या. आमची हिंदी तेवढीच, त्यांची मराठी मुळीच नाही. त्यांनी पिठाचा कण घेतला, नखाने दाबला, आणि तो हुबेहूब वळून परातीत टाकला. त्यांच्याकडेही असे काहीसे करतात, एवढे आम्हांला त्यांच्या बोलण्यातून कळले. मांडणीवर वाटी ठेवताना मुलीने तिच्याखाली कागद ठेवला आणि त्यावर वळणाऱ्या सहाजणींची नावे लिहिली. विहीणबाईंचे नाव कसे लिहायचे ते तिने त्यांना दोनदा विचारून घेतले.